बत्तीस दिवसांचं सोवळं

"तिथंच थांब रेवती! पुढं येऊ नकोस... शिवू नकोस मला!"

बंडोपंतांच्या तोंडून हे शब्द निघाले. अनुसूयाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला होता, तो टाकायला उचललेला हात तसाच हवेत राहिला. आणि रेवती... चार वर्षांनी माहेरचा उंबरा ओलांडून आलेली, सातवा महिना लागलेली रेवती, एका हातानं कंबर सावरत वडिलांच्या पाया पडायला वाकली होती, ती अर्ध्यातच थबकली आणि हळूहळू सरळ झाली.

"सोवळ्यात आहे मी," बंडोपंत भिंतीकडं बघत म्हणाले.

"पूजा केव्हाच झाली तुमची, अप्पा. देवळाला कुलूप लावून आलात, मी बघितलं." रेवती म्हणाली. "सोवळ्याचं नाव काहून पुढं करता? जातीबाहेर लग्न केलेली पोरगी शिवली तर बाटतो, असं सरळ म्हणा की!"

"तसं समज."

दोनच शब्द! पण ते उच्चारताना त्या साठीतल्या माणसाच्या काळजाचं काय झालं असेल, ते त्याच्या महादेवालाच ठाऊक.

"मी भांडायला आले न्हाई, अप्पा," रेवती रडू आवरत म्हणाली. "तुमच्या दुखण्याचं आईनं फोनवर सांगितलं आणि मला घास गोड लागेना. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्या निमित्तानं तुमची सेवा करावी, मागचं सगळं मिटवावं, म्हणून चार महिन्यांचे कपडे भरून आले. माझा विटाळ माना, पण ह्या पोटातल्या जीवानं तुमचं काय वाकडं केलंय?" तिनं बॅग उचलली. "ठीक हाय. ह्याचं तोंडसुद्धा तुमच्या नजरेला पडणार न्हाई आता!"

अनुसूयाबाई "अगं थांब, उन्हातान्हाची अशी जाऊ नकोस गं!" म्हणत फाट्यापर्यंत तिच्यामागं धावल्या. बंडोपंत ओसरीवर खांबासारखे उभे होते. लेक वळणाआड गेल्यावर मात्र ते मटकन पायरीवर बसले. गेली बरं झालं, ते मनाशी म्हणत होते. रागावून का होईना, दूर गेली. लेकरू वाचलं!

आता हे काय गौडबंगाल होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

शिरड शहापुरात बंडोपंतांचं सोवळं प्रसिद्ध होतं. गावातल्या महादेवाची पूजा त्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आलेली. पहाटे विहिरीच्या पाण्यानं आंघोळ, ओलेत्यानं देवळात जाणं, वाटेत कुणाची सावली पडली तरी पुन्हा घागर डोक्यावर! पोरं मुद्दाम वाटेत उभी राहून त्यांना दोन-दोन आंघोळी घडवत, आणि पंतही तोंडानं शिव्या देत निमूट परत फिरत. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी होता. चार वर्षांपूर्वी रेवतीनं गोरेगावच्या ओमप्रकाशशी, बी-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा "मला मुलगी नाही" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. मग दर दिवाळीला त्या दाराकडं चोरून बघायचे, पण उघडायला हात काही धजला नाही.

पुढं लघवी लाल होऊ लागली. उष्णता झाली म्हणून दोन महिने सब्जा खाल्ला, जिऱ्याचं पाणी प्यायले, बायकोला चकार शब्द सांगितला नाही. शेवटी देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडले तेव्हा नांदेडच्या दवाखान्याची वाट धरावी लागली. मूत्राशयात गाठ निघाली, कर्करोगाची. डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि पुढचे दोन रस्ते दाखवले. एक, मूत्राशयच काढून टाकायचं आणि पोटावर लघवीची पिशवी कायमची लावायची. दुसरा, मूत्राशय राखून बत्तीस दिवस किरणं घ्यायची, सोबत आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. "तुमची गाठ एकच होती आणि पूर्ण निघाली आहे. तुमच्यासाठी दुसरा रस्ताही चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. पिशवी लावून गाभाऱ्यात पाय कसा ठेवायचा, ह्या एकाच विचारानं पंतांनी किरणं पत्करली.

सोमवार ते शुक्रवार रोजची फेरी सुरू झाली. गावातला अल्लाबक्ष जीपवाला, लहानपणी त्यांच्यासोबत चिंचा पाडलेला, सकाळी दारात हॉर्न वाजवायचा आणि दुपारी परत आणून सोडायचा. दवाखान्यात आधी लघवीला जाऊन मूत्राशय रिकामं करायचं, मग त्या अरुंद फळीवर उताणं पडायचं, पोटावरच्या शाईच्या रेघा यंत्राच्या हिरव्या उजेडाशी जुळवून घ्यायच्या, आणि दहा मिनिटं हलायचं नाही. एवढंच. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दोन आठवड्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली आणि तासातासाला पळावं लागू लागलं, ते सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती.

पण पहिल्याच दिवशी पंतांच्या मनानं एक गाठ मारून घेतली होती. त्या खोलीच्या जाड दारावर बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची खूण होती आणि खाली पाटी, 'गर्भवती महिलांनी आत येऊ नये'. आणि यंत्र चालू करायची वेळ झाली की सगळी माणसं त्यांना एकट्याला ठेवून बाहेर निघून जात, दार लावून घेत! जन्मभर सोवळं-ओवळं पाळलेल्या माणसानं ह्याचा अर्थ काय लावावा? शिवलं की लागतं, लागलेलं दुसऱ्याला शिवलं की त्याला लागतं... हाच त्यांचा हिशेब. बाहेरच्यांना ज्याची एवढी धास्ती, ते आपल्या अंगात रोज मुरत चाललंय. मोठ्या माणसाला एक वेळ सोसेल, पोटातल्या कोवळ्या जीवाला सोसायचं नाही!

विचारायचं कुणाला? दुखणं असं जागेचं, की नाव घ्यायची लाज. माहितीचा कागद मिळाला होता, त्यात सगळं उघड छापलेलं, आणि घरी तर पोटात गाठ आहे, किरणं घ्यायची आहेत, एवढंच सांगितलेलं. अनुसूयाबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून तो न वाचताच पंचांगात दडवला. घरी सांगून टाकलं, बत्तीस दिवस कडक सोवळ्याचा नेम धरलाय, कुणी शिवायचं नाही. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. अल्लाबक्षच्या जीपमध्ये पुढची जागा सोडून मागच्या बाकावर. महादेवाची पूजा तेवढी सोडली नाही, कारण ज्यानं हलाहल पचवलं त्याला ह्या किरणांचं काय होणार, असं त्यांचं म्हणणं.

आणि एकोणिसाव्या दिवशी रेवती दारात उभी राहिली. खरं सांगितलं असतं तर ती गेली असती का? "मला काही होत न्हाई" म्हणत हट्टानं उशापायथ्याशी बसली असती, बापाचीच लेक ती! अनुसूयाबाईंना सांगावं, तर त्यांच्या पोटात तासभरही काही राहत नसे. त्यापेक्षा लेकीनं आपल्याला निर्दय म्हणावं, शिव्या द्याव्या, पण तिच्या कुशीतला जीव सुखरूप राहावा... ज्या क्षणासाठी चार वर्षं दाराकडं बघितलं, तो क्षण पंतांनी असा स्वतःच्या हातानं लोटून दिला.

त्यानंतर अनुसूयाबाई नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, सरकवून द्यायच्या आणि पाठ फिरवून बसायच्या. "देवाला माणसं चालतात, तुम्हालाच चालत न्हाईत," एवढंच एकदा म्हणाल्या. पंतांनी मान खाली घालून भात कालवला.

चोविसावा दिवस उजाडला. दवाखान्यात रेघा जुळवायचं काम मंतशा करायची, वसमतची, रेवतीच्याच वयाची. पहिल्या दिवशी तिनं पोटावर हात ठेवला तेव्हा पंत आक्रसून गेले होते, पण आठवड्याभरात त्यांना तिच्या "थोडं डावीकडं सरका काका, श्वास सोडा, शाबास" ह्या बोलण्याची सवय झाली, आणि ती एक दिवस दिसली नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं. तिच्या पांढऱ्या कोटावर किरणं मोजायचा एक छोटा बिल्ला लावलेला असे. तिच्या रक्षणासाठीच तो असणार, म्हणून ती शिवली तरी चालतं, असं पंतांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी रेघा जुळवता जुळवता ती म्हणाली, "काका, तुमचे बत्तीस झाले की लगेच माझी पण सुट्टी. सहावा लागलाय मला."

पंत फळीवर ताडकन उठून बसले. त्या सैल कोटाआड आजवर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं!

"हात काढ! दूर हो... शिवू नकोस मला!"

मंतशाचा हात झटका बसल्यासारखा मागं गेला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "चोवीस दिवस झाले काका," ती हळूच म्हणाली. "आज काय झालं? असू द्या. दुसऱ्या कुणाला पाठवते." आणि ती दाराकडं वळली.

तीच नजर! ओसरीवर रेवतीच्या डोळ्यांत दिसली तीच. अपमान गिळून सरळ उभं राहणारी. एका लेकीला त्या नजरेनिशी जाऊ दिलं होतं, पण दुसरीला जाऊ द्यायचं बळ त्या म्हाताऱ्यात उरलं नव्हतं.

"तसं न्हाई गं लेकरा, तसं न्हाई!" ते ओरडलेच. "वाईट तुझ्यात न्हाई, माझ्यात हाय! ही किरणं माझ्या अंगात मुरलीत. तू रोज मला शिवून राहिलीस... पोटुशी बाई तू... काय केलं मी हे! तुझ्या लेकराला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

मंतशा दाराशी थांबली. आधी तिला काही उमगेना. मग उमगलं, आणि ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. ती परत आली आणि तिनं पंतांचा हात सरळ आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काका, घरातला दिवा मालवला की खोलीत उजेड उरतो का?"

"न्हाई..."

"मग! यंत्र चालू असतं तेवढ्यापुरतीच ही किरणं. बंद केलं की संपली. खोलीत न्हाईत, तुमच्या अंगात न्हाईत. आम्ही बाहेर जातो ते यंत्र चालू असतं म्हणून, तुमच्यापासून पळत न्हाई. ती पाटी यंत्राची हाय, तुमची न्हाई. काही पेशंटच्या अंगातच किरणं सोडणारं औषध ठेवतात, त्यांचे नियम वेगळे, ते त्यांना सांगतात. तुमचा उपचार तसला न्हाईच. आणि धोका असता तर डॉक्टरांनी मला तुमच्याजवळ उभं राहू दिलं असतं का? पहिल्या दिवशीच्या कागदात लिहिलंय की सगळं."

"वाचला न्हाई," पंत पुटपुटले. "लाज वाटली."

"विचारायचं तरी!"

"त्याची त्याहून जास्त." पंतांनी तिचा हात घट्ट धरला. "माझी पोरगी आली होती गं. सातवा हाय तिला. पाया पडत होती माझ्या. मी तिला... मी तिला कुत्र्यासारखं हाकललं, दारातनं!"

मंतशानं त्यांना खांद्याला धरून पुन्हा निजवलं. "आधी आजची बैठक. ती चुकवायची न्हाई. मग उठा आणि तिच्याकडं जा. आजच जा."

दार लागलं. हलायचं नव्हतं, म्हणून पंतांनी डोळेही पुसले नाहीत. आसवं कानशिलांवरून ओघळून कानात जात होती, आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाला त्या खोलीत एकटं वाटत नव्हतं.

बाहेर येऊन पंत जीपमध्ये पुढं, अल्लाबक्षच्या शेजारी बसले. अल्लाबक्षनं किल्ली फिरवायची सोडून त्यांच्याकडं बघितलं. "क्या महाराज, सोवळं सुटलं काय?"

"सुटलं. गोरेगावला घे."

"गोरेगाव? घर हिकडं, गोरेगाव तिकडं! हिंगोलीच्याबी पल्याड हाय ते!"

"ठाऊक हाय मला. माझ्या लेकीचं गाव हाय ते."

हे ऐकायला अल्लाबक्ष चार वर्षं थांबला होता. पुढं त्यानं एक प्रश्न विचारला नाही, गाडी अशी काढली की चहासुद्धा प्यायला नाही. थांबावं लागलं ते पंतांसाठी. अर्धापूरला थांबले, वारंगा फाट्याला थांबले, कळमनुरीच्या अलीकडं बाभळीआड आणि पलीकडं पुन्हा. "मूत्राशय राखायला निघालो, आता तेच मला राखेना," पंत वैतागून म्हणाले, आणि दोघं म्हातारे बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले. उरलेल्या वेळात पंत ओठ हलवत लेकीशी काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. 'बाळ, मी तुझा अपराधी आहे' इथून सुरुवात करायची होती.

गोरेगावात दुकानामागंच घर होतं. ओमप्रकाश हरभऱ्याची पोती लावत होता, तो सासऱ्यांना बघून हातातलं पोतं धरूनच उभा राहिला. आवाज ऐकून रेवती दारात आली. बापलेक समोरासमोर! पंतांनी तोंड उघडलं, हात जोडले, आणि सगळी उजळणी कुठल्या कुठं गेली.

"मोरी कुठंय? आधी ते सांग!"

ओमप्रकाशनं पोतं टाकलं, पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि "या अप्पा, इकडून, पायरी सांभाळा" म्हणत त्यांना मागच्या अंगणात नेलं. परत आले तेव्हा पंतांचं धोतर भिजलेलं, मान खाली गेलेली. रेवतीनं पदर तोंडाला लावला होता. हसू आवरत होती की रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. पण तिनं राग सोडला नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मग पंत बोलले. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते लेकीला, जावयासमोर, एकही शब्द न लपवता सांगितलं. लाल लघवीपासून सुरुवात केली, जळजळ सांगितली, पोटावरच्या रेघा सांगितल्या, दारावरची पाटी, मनातली भीती, मंतशा, दिवा आणि उजेड. "मला वाटलं, तू शिवलीस तर तुझ्या लेकराला लागेल. म्हणून तोडून बोललो. 'तसं समज' म्हणताना जीभ का झडली न्हाई माझी, असं वाटत होतं गं..."

रेवतीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण ती जागची हलली नाही.

"त्या दिवसाचं समजलं, अप्पा," ती म्हणाली. "मग आधीची चार वर्षं कुठली किरणं होती?"

ओमप्रकाशनं "रेवती..." म्हणून तिला थांबवायचा प्रयत्न केला, पण पंतांनी हात वर केला. हा प्रश्न रास्त होता. ह्याचं उत्तर उजळणीत नव्हतं.

"ती किरणं नव्हती," ते सावकाश म्हणाले. "तो माझा ताठा होता. लोक काय म्हणतील, हा एकच धसका. परवा तू माझ्या खोट्यावर लगेच विश्वास ठेवलास ना, ते त्यामुळंच. बाप असाच वागणार, हे तुला मीच चार वर्षं शिकवलं होतं. परवाच्या बोलण्यात निदान माया तरी होती, पोरी. आधीच्या वागण्यात तेवढीही नव्हती. त्याची माफी कशी मागतात, ते मला येत न्हाई. म्हातारा झालो, पण हे शिकायचं राहूनच गेलं."

बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, अल्लाबक्ष त्याला "थोड्या टायमानं ये बाबा" म्हणून परत पाठवत होता.

रेवती पुढं आली. जड पावलांनी, कंबर धरत आली आणि वाकू लागली. पंत घाईनं उठले. "वाकू नकोस गं माझे आई, ह्या दिवसांत वाकू नकोस!" म्हणत त्यांनी तिला दोन्ही हातांनी सावरलं, उराशी धरलं, आणि चार वर्षांचं सारं रडू दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर सांडलं. ओमप्रकाश उगाच पोत्यांकडं बघत उभा होता. पंतांनी लेकीच्या डोक्यावरून त्यालाही खूण करून जवळ बोलावलं, आणि त्याच्या धुळीनं माखलेल्या पाठीवर हात ठेवला.

मग रेवतीनं केलेले पोहे पंतांनी तिच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून खाल्ले. दुसऱ्यांदा मागून घेतले. अल्लाबक्षनं तिसऱ्यांदा मागितले.

एवढ्यात पंतांचा फोन खणखणला. अनुसूयाबाई होत्या. जीप अजून आली नाही म्हणून शिरड शहापुरात त्यांचा जीव टांगणीला लागला होता. हात पोह्यांचे होते, म्हणून पंतांनी मानेनंच लेकीला खुणावलं.

"आई, मी रेवती," तिनं फोन कानाला लावला. "अगं रडू नकोस, ऐक तर! अप्पा इथं आलेत. माझ्याजवळ बसलेत. न्हाई गं, काही झालं न्हाई त्यांना, खाऊन राहिलेत पोटभर. आमी सगळे निघतोच आता." ती थांबली, तिनं वडिलांकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. "आणि हे बघ, उद्यापासून ते एकटे जायचे न्हाईत. आठ दिवस उरलेत ना, आठही दिवस मीच जाणार हाय सोबत, किरणांच्या दारापर्यंत."